तुरा दिसतोय

बदलापूरला कुणी फिरायला जात नाही, असं निघण्याआधी मला मिरजेत निदान दहा जणांनी ऐकवलं. तिथे धरण आहे, नदी आहे, पावसाळ्यात धबधबे आहेत, हे मलाही माहीत होतं. पण मी चालले होते तुळशीच्या लग्नानंतर, आणि चोवीस मावळे घेऊन लढाईला. हे वाक्य मी बँकेत, लॅबमध्ये आणि सासरच्या मंडळींसमोर इतक्या वेळा बोलले आणि इतक्या वेळा समोरच्याचा चेहरा कोरा झालेला पाहिला, की शेवटी ‘ट्रेनिंग आहे’ असं सांगून मोकळी झाले. आता परत आले आहे, तर सगळं एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. लोकांच्या कवळ्या, कॅप, ब्रिज. मेण, ॲक्रिलिक, चिमटे आणि बारीक करवती यांत माझी पंचवीस वर्षं गेली. पाचेक वर्षांपूर्वी आमच्याकडे काम पाठवणाऱ्या एका तरुण डॉक्टरने भीत भीत प्लॅस्टिकचा एक मोडका सैनिक आणला आणि ‘मॅडम, याचा हात बसवाल का?’ असं विचारलं. बसवला. मग त्याने खेळ दाखवला. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर खोटी घरं, भिंती, टेकड्या. दोन्ही बाजूंना बोटाच्या दोन पेरांएवढी माणसं. टेपने मोजून ती पुढे सरकवायची, फासे टाकायचे, आणि आपल्या सैनिकाच्या डोक्यामागे डोळा लावून बघायचं, समोरचा दिसतोय का? दिसला तर त्याच्यावर गोळी झाडता येते. भिंतीआड पूर्ण लपला असेल तर नाही. नियमांचं पुस्तक जाडजूड आहे, पण या प्रवासात माझ्या नाकीनऊ आणले ते या ‘दिसतोय का’नेच.

कंपनीचे सैनिक भविष्यातल्या कसल्याशा चिलखतात असतात. ते कापून, जोडून, घासून आपल्याला हवे तसे करून घेणं याला ही मंडळी ‘कन्व्हर्ट करणं’ म्हणतात. मी दोन वर्षं खपून चोवीस जणांचे मावळे केले. चिलखत घासून अंगरखा केला, ढाली ॲक्रिलिकच्या केल्या, मिशा एकेक करून बसवल्या. फेटे मात्र मी केलेले नाहीत. फेटे अप्पांनी बांधले.

अप्पा म्हणजे माझे वडील. शाळेत शिपाई होते, आणि लग्नसराईत फेटे बांधायला गावभर त्यांनाच बोलावणं असायचं. मी गंमत म्हणून एक सैनिक त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, माझ्या जुन्या भगव्या मलमलीच्या ओढणीची रिबिनीहून अरुंद पट्टी फाडून घेतली, माझा चिमटा मागितला आणि अर्ध्या तासात फेटा बांधून दाखवला. वर उभा तुरा, मागे लोंबता शेमला. मी विचारलं, डिंक लावू का? ‘डिंक लावत्यात ते रेडिमेड,’ म्हणाले. ‘कांजी चालंल.’

चोवीस फेटे बांधायला त्यांना सहा महिने लागले. शेवटचे दोन-तीन बांधताना हात कापायला लागला होता. आता चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागतो. हे चोवीस फेटे त्यांचे शेवटचे, हे आम्हा दोघांनाही कळतं. निघताना एवढंच म्हणाले, ‘सुमे, येक तरी लढाई जिंकून आण त्यांच्यासंगं.’

शुक्रवार, बदलापूर

माझी मावसबहीण वैशाली बदलापूरला अकराव्या मजल्यावर राहते. तिच्या गॅलरीतून आधी दुसऱ्या इमारतींच्या गॅलऱ्या दिसतात, मग बांधकामं, मग पलीकडे डोंगर, आणि त्यात चंदेरीचा सुळका एकटाच वर आलेला. जागा सुंदर आहे. ती बघायला सवड मिळत नाही, कारण घरात पाय टाकल्याबरोबर वैशू म्हणते, ‘ताई, तू पहिले आंघोळ करून घे, पाणी जाईल.’ आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी विचारतात. इथे पाण्याला पाहुणा विचारावा लागतो.

मी बाथरूममध्ये असताना वैशूने माझी पिशवी सोडली. मी दोन सारखे स्टीलचे डबे आणले होते. एकात सांगलीचं भडंग, दुसऱ्यात स्पंज कापून बसवलेले चोवीस जण. ‘भडंग का गं?’ असं बाहेरून विचारत तिने डबा कानाशी धरून खुळखुळ हलवला. कुठला डबा, हे मला आतून आवाजावरूनच कळलं. मी जशी होते तशी टॉवेल गुंडाळून बाहेर आले. कुणाला काही झालं नव्हतं, दोघांच्या ढाली तेवढ्या निखळल्या होत्या. वैशू म्हणाली, ‘एवढं काय? खेळणीच आहेत ना?’

तिचा नवरा मंगेश अंबरनाथला आनंदनगरच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे. शांत माणूस. मी मावळे डब्यातून काढून टेबलावर मांडत होते, तेव्हा त्याने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘हे कन्व्हर्टेड आहेत म्हणता. म्हणजे एनए झालेले?’

या बाजूला गेली काही वर्षं ज्याच्या त्याच्या तोंडी जमीन असते. शेतजमीन बिनशेती झाली की ती कन्व्हर्ट झाली. मी त्याला समजावलं. तो म्हणाला, ‘बरोबर, तेच. आधी एक होतं, आता त्याचं दुसरं केलं. कागदपत्रं आहेत ना व्यवस्थित?’ तेव्हा मी हसले. दुसऱ्या दिवशी कळलं की त्या अख्ख्या हॉलमधल्या लोकांपेक्षा मंगेशलाच विषय जास्त समजला होता.

शनिवार, मंगल कार्यालय

स्पर्धा एका मंगल कार्यालयाच्या तळमजल्यावर होती. वर साखरपुडा. वॉचमनने माझी साडी बघितली, हातातला डबा बघितला आणि काही न विचारता मला वर पाठवलं. वर कुणीतरी माझ्या हातात अक्षता दिल्या. मुलगी मला ओळखत नव्हती, मी मुलीला ओळखत नव्हते, पण तिची एक आत्या मला घट्ट भेटली आणि ‘किती वाळलीस गं!’ म्हणाली. तिथून सुटून खाली यायला मला पंधरा मिनिटं लागली.

खाली सात टेबलं, तेरा पुरुष आणि मी. नाव नोंदवणाऱ्याने मान वर करून विचारलं, ‘काकू, प्लेयर कुठे आहे?’

‘तुमच्यासमोर आहे.’

‘नाही, म्हणजे मुलगा?’

‘मुलगा पुण्यात आहे, नोकरी करतो. त्याचा काय संबंध?’

मग आला नीलेश. स्पर्धा भरवणारा तोच आणि पंचही तोच. वय तिशीचं, काळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. ही शिट्टी त्याने दोन दिवसांत एकदाही वाजवली नाही. त्याच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘पर्सनली’ने होते आणि मध्ये ‘पण’ येतं. कन्व्हर्ट केलेल्या सैनिकांची तपासणी आधी असते. निम्मा भाग तरी मूळ कंपनीचा हवा, आहे. हातात दिसतं तेच हत्यार यादीत हवं; आहे. नीलेशने एकेक मावळा भिंगाखाली धरला. ‘पर्सनली मला हे खूप आवडलेत, काकू. एक नंबर काम. पण हाइट बघावी लागेल गेममध्ये.’ बघा म्हटलं. मला वाटलं, सुटले.

माझा पहिला सामना पडला हरेशशी. हरेश उल्हासनगरचा, चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा. चेन, बटणं आणि जीन्सच्या रिव्हेटचं त्याचं दुकान आहे. त्याने आपल्या सैनिकांना ढाली म्हणून तांब्याची रिव्हेटंच चिकटवली होती, आणि खरं सांगते, माझ्या ॲक्रिलिकच्या ढालींपेक्षा त्या छान दिसत होत्या. तो मला आल्या आल्या ‘अदी’ म्हणाला. मी विचारलं, अदी कोण? ‘सिंधीत मोठी बहीण, अदी.’ चला, काकूतून तरी सुटका झाली.

मी माझे मावळे नीट भिंतीआड लावले. सगळे पूर्ण झाकलेले, एकाची बंदूकसुद्धा बाहेर नाही. हरेशची पाळी आली. तो गुडघ्यावर बसला, टेबलाच्या कडेला गाल टेकवला, एक डोळा मिटला. बराच वेळ तसाच राहिला. मग अपराध्यासारखा म्हणाला, ‘अदी, बुरा मत मानना हां. तुरा दिसतोय.’

मी खाली वाकून बघितलं. भिंतीच्या वर, ओळीने, सहा तुरे. भगवे.

‘तुरा म्हणजे माणूस नव्हे,’ मी म्हटलं.

‘पण दिसतोय ना?’

नीलेशला बोलावलं. त्याने पुस्तक काढलं. पुस्तकात असं आहे की झेंडा, भाल्याचं टोक आणि अँटेना एवढंच दिसत असेल तर सैनिक दिसला असं धरायचं नाही. बाकी सगळं बॉडी. ‘तुरा झेंड्यासारखाच की,’ मी म्हटलं. ‘सजावट आहे ती.’

‘पर्सनली मला पटतंय, काकू. पण फेटा म्हणजे हेल्मेट. हेल्मेट बॉडीत येतं. तुरा जर हेल्मेटचाच पार्ट असेल तर तोही बॉडी. वेगळा लावलेला असेल तर सजावट. वेगळा आहे का?’

आता सगळी टेबलं थांबली होती. तेरा माणसं माझ्या मावळ्यांच्या डोक्यांकडे बघत होती. त्या क्षणी मला जी अक्कल सुचली तिला काय म्हणावं, मला अजून समजत नाही. मी म्हणाले, ‘ज्यांनी बांधलेत त्यांनाच विचारू या.’ आणि फोन लावून स्पीकरवर ठेवला.

‘अप्पा, एक सांगा. तुरा हा फेट्याचाच भाग, की तो वेगळा असतो?’

‘वेगळा?’ अप्पांचा आवाज हॉलभर गेला. ‘वेगळा कसा आसंल? येकाच कापडाचा आसतो. वेगळा तुरा खोचत्यात ते नाटकातले. सुमे, हे तुला म्हाईत न्हाई व्हय? का गं, कोन इचारतंय?’

मला माहीत होतं. अगदी चांगलं माहीत होतं. फक्त अप्पांनी आयुष्यात एकदा, एकदाच, माझ्या बाजूने खोटं बोलावं असं मला वाटलं होतं, आणि तेही त्यांना आधी न कळवता.

‘ठरलं मग,’ नीलेश म्हणाला. ‘बॉडी.’

हरेशने सहा फासे टाकले. माझे चार पडले. तो सामना हरले, दुपारचाही हरले. दुपारी समोर डोंबिवलीचा एक इंजिनीअर होता. दर खेपेला तो खाली वाकायचा आणि गाणं म्हटल्यासारखं म्हणायचा, ‘तुरा दिसतोय.’ वर साखरपुड्यात सनई लागली होती. जिन्यावरून फेटे घातलेली माणसं खालीवर करत होती, सगळे रेडिमेड, टोपीसारखे काढता-घालता येणारे. त्यांना कुणी गोळी मारत नव्हतं.

संध्याकाळी नीलेश माझ्याजवळ आला. ‘पर्सनली मला वाईट वाटतंय, काकू. पण तुम्ही ते तुरे कापूनच टाका ना. उद्या हाइट नॉर्मल. आणि हां, उद्या हा हॉल नाहीये. बुकिंगमध्ये जरा घोळ झालाय, इथे लग्न आहे. उद्या आनंदनगरला, एका कंपनीच्या कँटीनमध्ये.’ तुरे कापा हे त्याने ज्या सुरात सांगितलं, त्याच सुरात हॉल बदलल्याचंही सांगितलं.

शनिवार संध्याकाळ, उल्हासनगर

हरेशला खरोखर वाईट वाटलं होतं. ‘मेरी वजह से हुआ, अदी. माझ्यासोबत दुकानात चला. मॅग्नेट देतो. तुरा काटो, नीचे मॅग्नेट लावो. गेममध्ये काढायचा, घरी जाऊन परत लावायचा. फिनिश.’ युक्ती बरी होती. मी डबा मांडीवर घेऊन त्याच्या स्कूटरवर मागे बसले.

उल्हासनगरात गल्लीला नाव नसेल पण कॅम्पला नंबर असतो. एका गल्लीत नुसते जीन्सचे ढीग, पुढच्या गल्लीत सोफे रस्त्यावरच मांडलेले, आणि त्यावर आरामात बसलेले गिऱ्हाईक नसलेले लोक. हरेशच्या दुकानाच्या वरच घर आहे. त्याच्या आईने पाण्याबरोबर भाजलेला पापड आणून ठेवला. मला वाटलं जेवायची वेळ झाली. नाही, तिथे पाहुण्याला पाण्याबरोबर पापडच देतात, जसं आमच्याकडे अजून काही घरांत शेंगा आणि गूळ पुढे येतो. मग दह्याबरोबर कोकी आली. कांदा घातलेली जाड, खुसखुशीत पोळी. आपल्या थालीपिठाची चुलत बहीण म्हणायला हरकत नाही. दिवसभरात पहिल्यांदाच माझा राग जरा निवळला. माझं तोंड भरलेलं होतं हेही कारण असेल.

‘साइज बोलो,’ हरेशने दुकानात खोकी उघडत विचारलं. पर्सचे मॅग्नेट, डायरीचे मॅग्नेट, पडद्याचे मॅग्नेट. सगळ्यात बारीक काढला तोही मावळ्याच्या डोक्याहून मोठा. ‘यहाँ सब मिलता है, अदी,’ तो पुटपुटत होता. ‘सब मिलता है, पर ये साइज…’ शेजारच्या दोन दुकानांत तो स्वतः धावत जाऊन आला. नाही.

मग मी ठरवलं, मॅग्नेट नंतर मागवू, आधी एक तुरा कापून तरी बघू. उद्याचा एक सामना जिंकायचा होता, आणि ‘येक तरी’ हे अप्पांचे शब्द डोक्यातून जात नव्हते. हरेशच्या काउंटरवर, त्याच्या दिव्याखाली, मी एक मावळा धरला आणि तुऱ्याच्या बुडाशी कात्री चालवली.

तुरा गळला. आणि त्यापाठोपाठ, माझ्या डोळ्यांसमोर, अख्खा फेटा सुटला. एक फेरा, दुसरा फेरा, तिसरा. पट्टी सावकाश उलगडत काउंटरवर आली आणि हातात प्लॅस्टिकचं बोडकं डोकं राहिलं. डिंक नव्हता ना. एकच कापड होतं. सकाळी तेरा जणांसमोर अप्पांनी जे सांगितलं ते मी ऐकलं होतं, पण मला कळलं ते आत्ता.

‘अरे,’ हरेश हळूच म्हणाला, ‘पूरा खुल गया.’

मला रडू आलं, आणि हरेशच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर रडू आलं याचा राग आला. नीलेशचा राग आला, डोंबिवलीच्या इंजिनीअरचा आला, सगळ्यात जास्त माझा. पंचवीस वर्षं अप्पा लोकांच्या लग्नात फेटे बांधत होते आणि मी शेजारी उभी राहून सुपाऱ्या मोजत होते. बांधायचा कसा हे मी कधी विचारलं नाही, आणि मुलीला शिकवावं असं त्यांनाही सुचलं नाही. हरेशने कागदाच्या पुडीत ती पट्टी आणि कापलेला तुरा गुंडाळून दिला. पुडीवर त्याने सवयीने ‘१ पीस’ असं लिहिलं.

बदलापूरला परतल्यावर जेवणाआधी मी सहा वेळा प्रयत्न केला. दातांचा चिमटा हातात होता, ज्याने मी केसाएवढी तार वाकवते. तरी सहाही वेळा जे तयार झालं ते दुखऱ्या बोटाची पट्टी वाटत होतं. वैशू म्हणाली, ‘अगं, एकाला टोपी घाल.’ मी तिला काहीतरी लागट बोलले, आणि ती खरंच दुखावली. त्याबद्दल मी तिची इथेही माफी मागते.

रविवार, अंबरनाथ

कँटीनला कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडे तो माणूस कर्जतला, निघालाय, येतोय. रविवारी एमआयडीसीत चिटपाखरू नसतं. बंद गेटं, पाइपांतून कुठेतरी वाफ, आणि सावलीत उभे असलेले आम्ही चौदा लोक, चौदा डबे घेऊन. नीलेश म्हणाला, ‘पर्सनली मला वाटतं एक तास लागेल.’ म्हणजे दोन. मी रिक्षा केली आणि शिवमंदिर गाठलं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जावं. मंदिर काळ्या दगडाचं आहे, आणि बाहेरच्या भिंतीवर तळापासून वरपर्यंत माणसंच माणसं कोरलेली. कुणाचं नाक गेलंय, कुणाचा हात. मी लॅबवाली, मला आधी तुटलेलंच दिसतं. मनातल्या मनात मी दोघातिघांना हात बसवलेसुद्धा. मग लक्ष गेलं डोक्यांकडे. उंच मुकुट, उंच अंबाडे. नऊ-साडेनऊशे वर्षं ही मंडळी उघड्यावर उभी आहेत, आणि लपलेलं त्यांच्यात कुणी नाही.

पायरीवर बसून अप्पांना फोन केला. दोन्ही सामने हरल्याचं सांगितलं. तुरा भिंतीवरून दिसतो आणि गोळी बसते, तेही सांगितलं. कापल्याचं सांगायची हिंमत झाली नाही.

अप्पा म्हणाले, ‘आगं पन तू त्यास्नी भिंतीमागं लपिवलंसच कशाला?’

‘सगळे लपवतात, अप्पा. खेळच तो आहे.’

‘सगळ्यांचं सोड. फेटा बांधून कोन लपतंय व्हय? लपायचं आसतं तर म्या तुरा कशाला काढला आसता?’

मी चिडून म्हटलं, तुम्हाला खेळ कळत नाही. म्हणाले, ‘न्हाई कळत. फेटा कळतो.’ आणि ठेवला.

परत गेले तर कुलूप निघालं होतं. एक खेळाडू कंटाळून घरी गेला होता, म्हणून जोड्या जमेनात. माझ्यासमोर नीलेश स्वतः खेळायला उभा राहिला आणि आमच्या टेबलापुरता पंच म्हणून त्याने हरेशला नेमलं. आधी तपासणी. ‘काकू, हा एक कोण? बोडका? बाकीच्यांसारखा दिसत नाहीये, कन्फ्यूजन होईल.’

‘तुरा कापून आणा, असं तुम्हीच म्हणाला होतात.’

‘पर्सनली मी असं म्हटलं नव्हतं की एकाचाच…’

मी त्याला डब्यात ठेवला. तेवीस जण मांडले. भिंतीआड एकही नाही. सगळे मधोमध, मैदानात, रांगेत. बाजूच्या टेबलावरचा कुणीतरी हसला. नीलेशने काळजीने विचारलं, ‘नक्की ना?’ मी म्हटलं, नक्की.

नीलेशचं सैन्य लहान पण भारी. त्यात त्याने स्वतः कन्व्हर्ट केलेला एक राक्षस होता; कुठल्याशा खेळण्यातल्या वटवाघळाचे वीतभर पंख त्याला लावले होते. काम सुबक होतं, मी मनापासून सांगते. हा राक्षस त्याने एका घरामागे नीट लपवला. मग त्याच्या लोकांनी माझे पाच मावळे पाडले, कारण ते दिसतच होते. पण आज ‘तुरा दिसतोय’ असं म्हणायची गरज कुणाला पडली नाही, आणि गंमत म्हणजे त्याने माझं डोकं एकदम शांत झालं. माझी पाळी आली. मी साडी सावरून गुडघ्यावर बसले, टेबलाला गाल टेकवला, एक डोळा मिटला. घराच्या छपराच्या दोन्ही बाजूंनी, मोठे, काळे.

‘पंख दिसतोय,’ मी म्हणाले.

नीलेश खाली वाकला. वर आला. ‘पर्सनली…’ एवढंच म्हणाला आणि हरेशकडे बघितलं.

हरेश अत्यंत गंभीर झाला. त्याने पुस्तक मागितलं, पान उघडलं, बोट ठेवून वाचलं. झेंडा, भाल्याचं टोक, अँटेना. ‘साईं,’ त्याने नीलेशला सिंधी पद्धतीने आदराने विचारलं, ‘पंख वेगळा लावलेला आहे का? की बॉडीचा पार्ट?’

मी सांगते, त्या क्षणी नीलेश खोटं बोलू शकला असता. पंख त्याने खरोखरच वेगळे चिकटवलेले होते. पण तो म्हणाला, ‘उडतो तो त्याने. बॉडीच आहे.’ एवढ्यावर मी त्याला दोन दिवसांचं सगळं माफ केलं, निदान निम्मं तरी.

माझ्या अठरा जणांनी गोळ्या झाडल्या. राक्षस पडला. बाकीचं तासभर चाललं, त्यात माझेही बरेच गेले, पण शेवटी मैदानाच्या मधल्या विहिरीपाशी चार भगवे फेटे उभे होते आणि दुसरं कुणी नव्हतं. हरेशने हात वर करून जाहीर केलं, ‘अदी जीत गई!’ नीलेशने हात मिळवला आणि पहिल्यांदाच ‘पर्सनली’शिवाय बोलला: ‘मस्त खेळलात.’

सर्वांत सुरेख कन्व्हर्ट केलेल्या सैन्याचं बक्षीस मला मिळालं नाही. नियमाप्रमाणे प्रत्येक भाग रंगवलेला हवा. फेटे रंगीत होते, रंगवलेले नव्हते. मी वाद घातला नाही. आता घालायला माझ्यात जोर राहिला नव्हता. हरेशने मात्र निघताना, मी खायला सोबत आणलेला भडंगाचा डबा मागून घेतला.

मिरज

अप्पांनी सगळे मावळे चटईवर मांडायला लावले. मोजले. ‘तेवीस.’

मी चोविसावा काढला, हरेशची पुडी काढली आणि सगळं सांगितलं. दुकान, कात्री, सुटलेला फेटा. अप्पांनी पुडी उघडली. पट्टी उचलायला गेले, बोटं कापली, पट्टी खाली पडली. पुन्हा उचलायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

‘जिंकलीस न्हवं येक?’

‘जिंकले.’

‘मग घे चिमटा. ही आखूड झाली, नवी फाड. येक वीत आन् वर चार बोटं.’

त्याच ओढणीची पट्टी मी फाडली. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि नुसतं तोंडाने सांगायला लागले. ‘पयला तुरा मोज. आधी तुरा, डोकं मागनं. लोकास्नी वाटतं तुरा शेवटी येतो. हां, दाब तिथं. आता फिरव. ओढू नगंस, गळा न्हाई आवळायचा.’ तीन वेळा सुटला. प्रत्येक वेळी त्यांचे खांदे माझ्या हातांबरोबर हलत होते. चौथ्या खेपेला राहिला. घट्ट नव्हता, जरा तिरका होता, आणि माझा मोजण्याचा हात चुकल्यामुळे तुरा बाकीच्यांपेक्षा तांदळाच्या चांगला दोन दाण्यांनी उंच गेला होता.

तेवीस जणांच्या रांगेत मी त्याला ठेवला. एकटाच वर आलेला. दोन दिवसांची सवय; हात आपोआप कात्रीकडे गेला. ‘अप्पा, जरासा कापू का वरून?’

‘हात लावू नगंस,’ अप्पा म्हणाले. ‘दिसू दे लांबनं.’